खोल पाण्यातून वर येताना

विहिरीत पोहणाऱ्या मुलांमध्ये एक पैज हटकून लागते. तळ गाठावयाचा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवावयाचा. उन्हाळ्यात कयाधूचे पात्र आटते, तेव्हा हिंगोलीकडील मुलांचे पोहणे विहिरीतच चालते. आमच्या लहानपणीही ते तसेच चालत असे. अशी बुडी ज्याने मारली आहे, त्याला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. दोन परस खोल जाताच कान दुखू लागतात.

हा दाब पाण्याच्या वजनाचा असतो. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्याखालील प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार टाकतो. आपल्या डोक्यावरील सारे वातावरण मिळून जेवढा भार टाकते, जवळजवळ तेवढाच हा भार होय. म्हणजे दर १० मीटरना आणखी एक वातावरण आपल्या अंगावर चढत जाते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, भर अरबी समुद्रात, ‘मुंबई हाय’ नावाचे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रातील खोदयंत्राने तेथे तेल शोधून काढले आणि १९७६ साली तेल उपसण्यास आरंभ झाला. तेथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेलविहिरींचे मंच पोलादी पायांवर उभे असून तेल वाहून नेणारे नळ समुद्रतळावर पसरलेले आहेत. खाऱ्या पाण्याने पोलाद गंजते, पायांवर शिंपल्यांचे थर चढतात. त्यांची तपासणी आता पुष्कळदा यंत्रे करतात. परंतु जेथे हाताचे कसब लागते, तेथे आजही पाणबुड्यालाच उतरावे लागते. हवेचा भार धरून तेथे त्याच्या अंगावर साडेआठ वातावरणांचा दाब असतो.

या दाबाला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग भिंतीचा. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘मत्स्य ६०००’ या वाहनात टायटॅनियम धातूचा एक पोकळ गोळा आहे. त्याची भिंत ८० मिलिमीटर जाड आहे. तीन माणसांनी त्यात बसून ६००० मीटर खोल जावे, अशी योजना आहे. आत घरच्यासारखीच हवा असते. पण गोळ्यात बसलेल्या माणसाला स्वतःचा हात बाहेर काढता येत नाही.

दुसरा मार्ग असा की, पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा पाणबुड्याने श्वासावाटे घ्यावयाची. मग आतला व बाहेरचा दाब सारखा होतो आणि छाती चेंगरत नाही. खाली जाणे असे साधते. खरी अडचण येते ती वर येताना.

गोटीच्या सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असेपर्यंत पाणी शांत दिसते. गोटी आत ढकलताच दाब उतरतो आणि पाण्यात विरघळलेला वायू बुडबुड्यांनी फसफसत बाहेर येतो. दाबाखालची हवा घेणाऱ्या माणसाच्या रक्तात नत्रवायू असाच विरघळत राहतो. तो माणूस घाईने वर आला, तर त्याच्या शरीरातही बुडबुडे धरतात. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. विहिरीतील पोहणाऱ्याला हे भय नसते, कारण तो वरून नेलेल्या एकाच श्वासावर परत येतो.

हे ज्ञान माणसाला स्वस्तात मिळालेले नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना दाबलेली हवा भरलेल्या प्रचंड पेट्या नदीत उतरविल्या होत्या. पेटीतून वर आलेले मजूर वेदनांनी वाकडे होत; काही मरणही पावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हा १८७२ साली याच रोगाने अंथरुणास खिळला. पुढे पूल उभा राहताना त्याने खिडकीतून पाहिला. त्याच्या सूचना त्याची पत्नी एमिली कामावर पोहोचवीत असे. १८८३ साली पूल पुरा झाला.

इंग्लंडमध्ये जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने पोलादी कोठडीत बकऱ्या ठेवून दाब चढविण्या-उतरविण्याचे प्रयोग केले. किती वेळ किती खोल राहिल्यास कोठे किती थांबत वर यावे, याची कोष्टके त्याने १९०८ साली प्रसिद्ध केली. बिचाऱ्या बकऱ्यांचे ऋण पाणबुड्यांवर आहे, हे येथे सांगून ठेवतो.

तरीही ७५ मीटरांवर तासभर काम करावयाचे आणि त्यासाठी रोज कित्येक तास थांबत वर यावयाचे, हा हिशेब परवडत नाही. त्यातून निघालेली युक्ती मोठी चतुर आहे. सुमारे एका दिवसात शरीर वायूने पूर्ण भरते. भिजलेल्या फडक्यात आणखी पाणी मावत नाही, तसे. त्यानंतर खाली दोन दिवस राहा की वीस, वर येण्यास लागणारा वेळ तोच. म्हणून पाणबुडे जहाजावरील बंद पोलादी कोठडीतच राहतात. तेथे समुद्रतळाइतकाच दाब राखलेला असतो. ते तेथेच जेवतात, तेथेच निजतात. कामाच्या वेळी कोठडीला जोडलेल्या ‘डायव्हिंग बेल’ नावाच्या पेटीत शिरतात. ती तळाजवळ उतरविली जाते आणि काम आटोपले की पुन्हा कोठडीला जोडली जाते. भारतीय नौदलात १८ जुलै २०२५ रोजी दाखल झालेल्या ‘निस्तार’ जहाजावर अशी सोय ३०० मीटर खोलीसाठी आहे.

खोलवर नत्रवायूने गुंगी येते; म्हणून त्याऐवजी हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण देतात. हेलियममुळे आवाज बदकासारखा चिरका होतो, तो समजण्यासाठी वर निराळे यंत्र लागते. हा वायू शरीरातील उष्णताही भराभर हिरावून नेतो. तेव्हा पोशाखातून नळीने सतत गरम पाणी खेळवीत ठेवावे लागते. जेवण दोन दारांच्या लहान कप्प्यातून आत सरकवितात.

काम संपले की दाब अगदी हळूहळू उतरवितात. ७५ मीटरांसाठी सुमारे साडेतीन दिवस लागतात. १९६९ साली चंद्रावर गेलेले वीर चंद्राची कक्षा सोडल्यापासून अडीच दिवसांत पृथ्वीवर पोहोचले होते. कोठडीतला पाणबुड्या मात्र जहाजावरच असतो. काचेच्या झरोक्यापलीकडे त्याचे सोबती हिंडताना दिसतात. घरी आई आजारी आहे असा निरोप त्याला आला, तरी ते साडेतीन दिवस संपेपर्यंत कोठडीचे दार उघडता येत नाही.