केटी लागली म्हणून एम. आर्क.चं दार बंद होत नाही

पालकहो,

बी. आर्क.ची पाच वर्षं कशीबशी पार पडली. दहा सेमिस्टरच्या गुणपत्रिकांत दोन-तीन केटी आहेत, सीजीपीए सहाच्या आसपास. आणि लेक म्हणतेय, ‘मला अमेरिकेत एम. आर्क. करायचंय.’ तुमच्या तोंडून पटकन निघतं, ‘एवढ्या मार्कांवर तुला घेणार कोण?’ त्यामागे काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. पण पोर्टफोलिओ दाखवायला माझ्याकडे येणारी मुलं तेच वाक्य मनात घेऊन येतात आणि स्वतःचं चांगलं कामही फाइलच्या तळाशी ठेवतात. म्हणून आज तुमच्याशी बोलायचंय.

आधी कटू वाटेल ते सांगते. मार्कांना किंमत आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी ४ पैकी ३ जीपीए अपेक्षित असतो. काही ठिकाणी आर्किटेक्चर विभागाने आग्रह धरला तर त्यात सवलत मिळते, काही ठिकाणी मिळत नाही. म्हणून यादी करताना नावाआधी अट वाचा आणि शंका असेल तर मुलांना प्रवेश कार्यालयाला थेट विचारू द्या. मात्र सीजीपीएला दहाने भागून चारने गुणण्याचा घरगुती हिशेब करून आधीच हार मानू नका. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, तिकडे शंभरात साठ म्हणजे जेमतेम पास. हा फरक परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्यांना माहीत असतो. रूपांतर बहुधा विषयवार होतं आणि येणारा आकडा आपल्या हिशेबापेक्षा बरा असू शकतो.

आता त्या गुणपत्रिका घेऊन मुलांसोबत बसा, पण एकूण बेरीज बघू नका. मार्क कुठे गेले ते बघा. पहिल्या-दुसऱ्या वर्षी स्ट्रक्चरमध्ये केटी लागली आणि पुढे डिझाइनचे मार्क चढत गेले, तर निवड करणाऱ्यांनाही तो चढ दिसतो. अर्ज वाचणाऱ्यांत स्वतः स्टुडिओ शिकवणारे प्राध्यापक असतात. डिझाइनमध्येच सतत कमी मार्क असतील, तर मात्र अर्जाची घाई करू नका. आधी काम सुधारायला हवं.

आणि ते काम दिसतं पोर्टफोलिओत. माझ्या एका विद्यार्थ्याने वाईतल्या एका वाड्याचं मोजमाप घेतलं होतं. त्याच्या पोर्टफोलिओत जिन्याचा एकच मोठा छेद होता. प्रत्येक पायरीची उंची वेगळी भरली, तर त्याने सरासरी न काढता सगळी मापं जशीच्या तशी लिहिली. खालची पायरी दगडी, वरच्या लाकडी. जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून असं केलंय, हे त्याने बाणाने दाखवून एका ओळीत लिहिलं होतं. स्ट्रक्चरमध्ये दोनदा नापास झालेला हा मुलगा. पण ते पान पाहिल्यावर याला बांधकाम कळत नाही, असं कुणी म्हणणार नाही.

असं पान कॉलेजची सबमिशनची शीट बारीक करून चिकटवल्याने होत नाही. चार-पाच प्रकल्प निवडायचे, ड्रॉइंग पुन्हा काढायची, मॉडेलचे फोटो नीट घ्यायचे आणि गटाने केलेल्या कामात आपला वाटा किती तो स्पष्ट लिहायचा. याला काही महिने जातात. पैसे देऊन पोर्टफोलिओ ‘करून देणारे’ भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मुलाखतीत एक प्रश्न आला की ते काम कुणाचं आहे ते उघडं पडतं. तुम्ही या काळात घरातलं एक टेबल त्यांना द्या आणि लग्नकार्याला नाही आली तर रागावू नका.

शिफारसपत्रांचंही तसंच. बहुतेक ठिकाणी तीन लागतात. ओळखीतल्या मोठ्या पदावरच्या माणसाचं पत्र मिळवून देण्याचा मोह होईल. पण तुमच्या मुलीला रात्रभर मॉडेल दुरुस्त करताना पाहिलेल्या शिक्षिकेचं पत्र त्याहून जास्त वजनदार असतं.

मार्क कमी का पडले, हे अर्जासोबतच्या निवेदनात लिहायचं का? लिहायचं, दोन-तीन वाक्यांत. घरात आजारपण होतं, मुलगा स्वतः नैराश्यातून गेला, तर ते लपवायला लावू नका. सुरुवातीला लक्षच नव्हतं, असं असेल तर तेही चालेल, पण पुढे काय बदललं ते कामातून दिसलं पाहिजे.

एक-दोन वर्षं नोकरी करू द्या, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. नातेवाईक ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतील. त्यांना आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं उदाहरण द्या. पुण्यात जन्मलेले दोशी १९४७ मध्ये मुंबईच्या जे.जे.त शिकायला गेले, पण त्यांना घडवलं ते १९५१ पासून पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात केलेल्या कामाने. पुढे २०१८ मध्ये आर्किटेक्चरमधला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. प्रत्येक मूल दोशी होत नाही. पण साइटवर उभं राहून वर्किंग ड्रॉइंग सुधारलेल्या मुलाचा अर्ज वेगळा वाचला जातो. कमी सीजीपीएनंतर आपल्या हातात उरलेली सर्वात भक्कम गोष्ट हीच आहे. इथेच पुढे शिकायचं असेल, तर गेटमधला आर्किटेक्चरचा पेपरही याच काळात देता येतो.

कर्ज काढण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा. बी. आर्क. झालेल्यांसाठी तिकडे एक-दोन वर्षांचे एम. आर्क. असतात आणि दुसरे त्याहून जास्त मुदतीचे, व्यावसायिक मान्यतेचे. अमेरिकेत आर्किटेक्ट म्हणून परवाना हवा असेल, तर बहुतेक राज्यांत मान्यताप्राप्त पदवीची वाट सर्वात सरळ आहे, आणि छोट्या अभ्यासक्रमांना सहसा ती मान्यता नसते. तिथे राहून काम करायचंय की शिकून परत यायचंय, हे ठरल्याशिवाय घर तारण ठेवू नका.

बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे तयारी उन्हाळ्यात सुरू व्हायला हवी. पण त्याआधी एक काम तुमचं आहे. येत्या रविवारी मुलीला तिचं आवडतं ड्रॉइंग समोर ठेवायला सांगा आणि ‘हे असंच का काढलंस?’ एवढंच विचारा. तिचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये मार्कांचा विषय काढू नका. नीट उत्तर आलं, तर तिला तयारीला वेळ द्या आणि पाठीशी उभे राहा. नाही आलं, तर काय शिकायचं राहिलंय ते तिला आणि तुम्हाला एकाच वेळी कळेल, तेही अर्जाची फी भरण्याआधी.