मण्यार आणि मेंदूचा पहारेकरी

मुलांनो, इंद्रायणी तांदळाच्या भाताचा एक घास तोंडात घ्या आणि न गिळता बराच वेळ चावत राहा. तो गोड लागू लागेल. साखर तर घातली नव्हती! आपल्या लाळेत एक विकर असते. ते भातातील पिष्टाची साखर बनवते. शरीरात पदार्थ मोडण्याचे आणि जोडण्याचे काम विकरे झटपट घडवून आणतात.

हा तांदूळ पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे भागांत पिकतो. तेथे पावसाळ्यात भातखाचरांच्या आसपास सापही निघतात. मण्यार हा त्यांतील फार विषारी साप. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. दंश इतका बारीक असतो, की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटते, झोप पुरी झाली नसेल.

तुम्ही ज्याला जहर म्हणता, त्याला मराठीत विष म्हणतात. मण्यारच्या विषातही एक विकर असते. ते चेतातंतूंच्या टोकांना इजा करते. मग मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. पापण्या मिटतात, जीभ हलत नाही, शेवटी श्वासही थांबतो.

हे विष मेंदूत शिरते काय? सहसा नाही. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. १८८५ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या शरीरात रंग टोचला. इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला! या पेशींतही विकरे असतात. आत घुसू पाहणारे काही पदार्थ ती दारातच मोडून टाकतात. विषात विकर आणि पहाऱ्यावरही विकर, आहे की नाही गंमत?

म्हणून मण्यार चावलेला रोगी डोळे उघडत नसला, तरी श्वास मिळत असेल तर तो बहुधा शुद्धीवर असतो. त्याला मेलेला समजू नये. मांत्रिकाकडे नेण्यात वेळ गेला, की चेतातंतूंची इजा वाढते आणि मग प्रतिसर्पविषाचाही उपयोग कमी होतो. दवाखान्यात ते लवकर टोचतात व यंत्राने श्वास देतात. कधी कधी असा श्वास अनेक दिवस द्यावा लागतो. तोवर चेतातंतूंची टोके पुन्हा तयार होतात. पापणी, बोट हळूहळू पुन्हा हलू लागतात. बोलता येऊ लागल्यावर काही रोगी खाटेभोवती कोण काय बोलले, तेही सांगतात.