कन्सोलचे संदेश खिडकीत का येत नाहीत?

प्रश्न : दुकानात डेबियन घातलेला जुना संगणक आहे. वीज ये-जा करते तेव्हा तो मध्येच अडकतो. कारण कळावे म्हणून सिस्टीमचे संदेश डोळ्यासमोर ठेवायचे होते. 'एक्सकन्सोल' उघडले, तर खिडकीत 'कुडन्ट ओपन कन्सोल' एवढीच ओळ. 'एक्सटर्म'ला मोठा 'सी' लावून पाहिला, तरी काही उमटेना. संगणक माझा, पासवर्ड माझा. मग परवानगी कोणाची घ्यायची?
— एक वाचक, तिगाव (जि. पांढुर्णा)

उत्तर : परवानगी सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नेलची, आणि तो ती अडवतो हे योग्यच आहे. तुमच्याच गावचे स्टेशन डोळ्यांपुढे आणा. नागपूर-इटारसी मार्गावर तिगाव ते चिचोंडा हा घाटाचा टप्पा. शेजारच्या स्टेशनाकडून ब्लॉक यंत्राची घंटा येते ती स्टेशनमास्तरच्या खोलीत. फलाटावरच्या कोणाच्या कानी ती पडली तर काही बिघडत नाही. पण कोणी ती तार सोडवून आपल्या घरी जोडली तर? घंटा त्याच्या घरी वाजेल आणि स्टेशनमास्तरला पत्ताही लागणार नाही.

एक्सकन्सोल आणि एक्सटर्म कर्नेलकडे जे मागतात ते हेच, तार आपल्याकडे वळवून द्या. या मागणीचे नाव 'टीआयओसीकॉन्स'. ती एका वेळी एकालाच मिळते, दुसऱ्याने मागितली तर 'बिझी' असे उत्तर येते. यातला धोका जुनाच आहे. सन कंपनीच्या सनओएसमधल्या याच मागणीबद्दल अमेरिकेतल्या 'सर्ट' या सुरक्षा केंद्राने डिसेंबर १९९० मध्ये इशारा दिला होता. लिनक्सवर मात्र त्यानंतरही बरीच वर्षे, आधी कोणी वळवले नसेल तर कोणालाही कन्सोल वळवता येत असे. डिसेंबर २००४ मधल्या २.६.१० या आवृत्तीपासून हा अधिकार फक्त प्रशासकाचा झाला. जुन्या पुस्तकांतली युक्ती तुमच्याकडे चालत नाही, ती यामुळे.

काही जण सांगतील, 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'कन्सोल'ला ६६६ परवानगी देऊन टाका. कृपा करून तसे करू नका. त्याने कोणालाही कन्सोलवर खोटा संदेश लिहिता येईल, अन् तार वळवण्याचा अधिकार तरीही मिळणार नाही. शिवाय ते फोल्डर संगणक सुरू होताना नव्याने बनते, म्हणजे बदल पुसलाच जाणार.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या कामाची आहे. टीआयओसीकॉन्सने वळतात ते फक्त प्रोग्रॅमनी कन्सोलवर लिहिलेले संदेश. डिस्क अडकली, तार सैल झाली, असले संदेश खुद्द कर्नेल काढतो आणि ते या वाटेने येतच नाहीत. सूडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, खिडकी उघडली असती, तरी तुम्हाला हवी ती ओळ तिच्यात आली नसती.

तुम्हाला घंटा फक्त ऐकायची आहे. त्यासाठी डेबियनमध्ये 'एडीएम' नावाचा गट आहे. नोंदी वाचणाऱ्यांसाठीच तो ठेवलेला आहे. टर्मिनलमध्ये सूडो, मग 'अ‍ॅडयूजर', मग तुमचे लॉगिन नाव आणि शेवटी 'एडीएम' असे इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा. त्यानंतर लॉगआउट होऊन पुन्हा आत या. हे विसरले की गट लागू होत नाही आणि माणूस तासभर डोके धरून बसतो. आता 'जर्नलसीटीएल', एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून 'एफ' एवढे लिहून ती खिडकी उघडी ठेवा. खात्री करायची तर पेनड्राइव्ह लावा. लावताक्षणी 'न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड' ही ओळ खाली सरकताना दिसेल. सूडो नको, कोणाची तार तोडणे नको.

आता संगणक अडकेल तेव्हा या खिडकीत 'आय-ओ एरर' आणि सोबत 'एसडीए'सारखे डिस्कचे नाव पुन्हा पुन्हा येते का ते पाहा. येत असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून दुकानाच्या हिशेबाची प्रत त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.