माहेर, आश्रम आणि मधली रात्र : स्त्री-आत्मकथनांतील आसऱ्याचा प्रश्न

मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेली विवाहिता त्या रात्री कोठे जाते, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच साहित्याभ्यासाचाही आहे. मराठी स्त्री-आत्मकथनांतील छळाची चर्चा पुष्कळ झाली. निघणे आणि पोचणे यांमधल्या काही तासांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या मधल्या रात्रीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम अंतराविषयी. रायगड जिल्ह्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. एकेकाळी खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते येथवर येत. पुढे मुंबई-गोवा महामार्ग येथून गेला. तालुका रोहा, दुसऱ्या बाजूस पेण, जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. पंचक्रोशीतच दिलेल्या मुलीला माहेर पायी गाठता येई. १९९० च्या सुमारास पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला आणि परमुलखातील कुटुंबे या परिसरात आली. अशा घरातील स्त्रीचे माहेर एका रात्रीत गाठण्याजोगे राहिले नाही. तिच्यासमोर उरतात शेजारीण, पोलीस ठाणे आणि एस.टी.चा थांबा. आत्मकथने वाचतानाही हे अंतराचे माप हाताशी ठेवणे अगत्याचे आहे.

जात्यावरच्या ओव्यांत आसऱ्याची कल्पना जवळजवळ सर्वस्वी माहेरात सामावलेली दिसते. हेमा राईरकर व गी प्वातवें यांच्या प्रयत्नांतून झालेल्या ओव्यांच्या विशाल संकलनात भावाची वाट पाहणारी सासुरवाशीण पदोपदी भेटते. परंतु या माहेराला एक अट आहे : आई जिवंत असावी लागते. आईमागे घर भावजयीचे होते आणि उंबरठ्याचा सूर पालटतो. ज्या बाईला हे दारही नाही, तिच्यासाठी भाषेनेच एक वाक्प्रचार घडवून ठेवला आहे : ‘विहीर जवळ केली’. मरणाला ‘जवळ करणे’ म्हणणाऱ्या या शब्दयोजनेत इतर सर्व ठिकाणांचे दूरत्व गृहीत आहे. (पाण्यातल्या ‘साती आसरा’ आणि आश्रय या अर्थाचा ‘आसरा’ यांची व्युत्पत्ती भिन्न आहे, पहिल्या शब्दामागे ‘अप्सरा’ आहे. तरीही दोन्ही शब्द एकाच उच्चाराने नांदावेत, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.)

एकोणिसाव्या शतकात संस्थारूपी आसरा अवतरला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ चे, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे, धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी आणि पुढे कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) या परंपरेचे आतून घडणारे दर्शन होय. येथे एक गोष्ट निसटू देता कामा नये. ही दारे मुख्यतः विधवांसाठी उघडली होती. जिचा नवरा जिवंत आहे आणि तोच मारतो आहे, तिला ‘अनाथ’ कसे म्हणावे, हा पेच सुधारकांच्या परिभाषेला सुटला नव्हता. रखमाबाईंच्या खटल्यात प्रश्न मारहाणीचा नव्हता, नांदायला जाण्याचा होता. तरी १८८७ च्या निकालाने पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे दोनच निवारे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि ती वेळ टळली. मालतीबाई बेडेकरांनी पुढे आपल्या अभ्यासग्रंथाला ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ असे नाव दिले, तेव्हा विधवा-सधवा ही जुनी विभागणी नावापुरती तरी मागे पडली.

दलित आत्मकथनांत माहेराचे दुसरे रूप समोर येते. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) मध्ये नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर नाजा माहेरी परतते आणि तेथून शिक्षिकेच्या आयुष्याकडे वळते. माहेर येथे खरोखरच टेकू ठरते. त्याच वर्षी पुस्तकरूपाने आलेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये मात्र रात्री पळून माहेरी पोचलेल्या सुनेला बाप-भाऊच मारीत सासरी परत आणतात, आणि पळणाऱ्या पायात लाकडी खोडा घातला जातो. बाप क्रूर आहे एवढ्याने या प्रसंगाचा उलगडा होत नाही. लेक ठेवून घेणे म्हणजे जातीत अब्रू गमावणे, हे त्या बापालाही ठाऊक आहे. मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) मध्ये शहर आहे, वाङ्मयीन वर्तुळ आहे. तेथेही छळ चुकत नाही आणि घर सोडणे एकदाच घडून संपत नाही.

मधली रात्र खऱ्या अर्थाने विस्तारते ती सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्या कथनात. गरोदरपणी घरातून हाकललेली, गोठ्यात बाळंत झालेली, माहेरानेही न स्वीकारलेली ही बाई रेल्वे स्थानक आणि स्मशान येथे रात्री काढते. स्मशानात पुरुष येत नाहीत, म्हणून ते सुरक्षित : तिचे हे गणित व्याख्यानांतून ऐकताना श्रोते हेलावत, पण वाचकाने त्यातील व्यवहारज्ञानही ओळखावे. येथे आसरा शोधणे ही जागांची पारख आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) पीडितेने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने, मागणी केल्यास निवारागृहाने आश्रय दिलाच पाहिजे असे ठरवले. शिवाय सामायिक घरात राहण्याचा हक्कही दिला. आजवरच्या कथनांचे क्रियापद ‘निघणे’ हे होते. कायद्याने त्याच्या शेजारी ‘राहणे’ आणून बसवले. या क्रियापदाचे आत्मकथन मराठीत अद्याप विरळ आहे. अर्थात नागोठण्यासारख्या गावी मध्यरात्री हा हक्क कोणाच्या दारात जाऊन सांगावयाचा, हा अंतराचा प्रश्न कलमांच्या बाहेरच राहतो.

शेवटी बेबीताईंकडे पुन्हा वळणे भाग आहे. इतर सुनांच्या पळण्याचे इतके नेमके वर्णन करणाऱ्या या लेखिकेने स्वतःला झालेली मारहाण पुस्तकात लिहिली नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादासोबत माया पंडित यांनी घेतलेली मुलाखत आहे. तीत ती प्रथम सविस्तर आली. ‘जिणं आमुचं’चे हस्तलिखितही त्यांनी वर्षानुवर्षे घरातच लपवून ठेवले होते.