सही आणि प्रश्न



सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला बाईंनी विचारले, "सुट्टीत कोणाकोणाला भेटलात?" बहुतेक मुलांनी आजी-आजोबांची, मामा-मावशीची नावे सांगितली. आमच्या कन्येने मात्र सांगितले, "मी अवकाशयानाच्या कॅप्टनला भेटले!" सगळा वर्ग हसला. पण ती खोटे बोलत नव्हती. सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचा मेळावा होता. तिच्या आवडत्या मालिकेत कॅप्टनचे काम करणाऱ्या अभिनेत्री तिथे आल्या होत्या. त्या भेटीत काय झाले आणि काय राहून गेले, यावर हा पाठ आहे.

हे मेळावे आले कुठून?

विज्ञानकथा वाचणाऱ्या लोकांनी एकत्र जमायचे, ही कल्पना जुनी आहे. पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. त्याला 'वर्ल्डकॉन' म्हणतात. आपले मराठी साहित्य संमेलन जसे दरवेळी नव्या गावी भरते, तसेच हेही नव्या शहरात भरते. ते भरवणारे लोक पगारी नसतात. आपल्या गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांसारखे तेही हौसेने राबतात. उत्तम कथा-कादंबऱ्यांना तिथे 'ह्यूगो' पुरस्कार मिळतो आणि त्यासाठी सभासद स्वतः मत देतात.

ऑस्ट्रेलियात हे जागतिक संमेलन चार वेळा भरले आहे : १९७५, १९८५, १९९९ आणि २०१० साली, आणि चारही वेळा मेलबर्नमध्ये. १९७५ च्या संमेलनाला अमेरिकेच्या प्रसिद्ध लेखिका उर्सुला ले ग्विन प्रमुख पाहुण्या होत्या. नुसते भाषण करून त्या परत गेल्या नाहीत. संमेलनाच्या आधी त्यांनी इथल्या नवोदित लेखकांची कार्यशाळा घेतली, त्यांच्या कथा वाचल्या, त्यांवर चर्चा केली.

आम्ही गेलो तो मेळावा निराळ्या प्रकारचा होता. तो व्यावसायिक असतो. तिकीट काढून आत जायचे, मग अभिनेत्याच्या सहीचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे. यात गैर काही नाही, पण घरून निघण्यापूर्वी पालकांना ठाऊक असलेले बरे!

वीस सेकंद

आम्ही दीड तास रांगेत उभे होतो. कन्येने निळा गणवेश घातला होता, तिच्या आईने रात्री जागून शिवलेला. तिने एक प्रश्न पाठ केला होता : "यान पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे असते, तर तुमची भीती खरी कशी वाटते?"

नंबर आला. कॅप्टनबाई गोड हसल्या. त्यांनी नाव विचारले, स्पेलिंग विचारले, सही केली आणि गणवेशाचे कौतुक केले. कन्येच्या तोंडून शब्द फुटेना. वीस सेकंदांत आम्ही पुढे सरकलो.

गाडीत बसल्यावर तिने सहीचा फोटो मांडीवर उलटा ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, माझा प्रश्न राहिलाच." आणि रडू लागली.

तेव्हा आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक एका चाहत्याची आणि दुसरी आमची.

एका चाहत्याचे बोलणे

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. तिच्यात लेफ्टनंट उहुराचे काम निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री करत असे. पहिले वर्ष संपल्यावर ती मालिका सोडायच्या विचारात होती. एका समारंभात तिला कोणीतरी सांगितले, तुमचे एक चाहते तुम्हाला भेटू इच्छितात. वळून पाहते तो समोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग! त्यांनी तिला मालिका न सोडण्याचा आग्रह केला. एक कृष्णवर्णीय स्त्री यानावर अधिकारपदावर आहे, हे लोकांना दर आठवड्याला दिसणे किती मोलाचे आहे, हे त्यांनी तिला समजावले. तिने राजीनामा मागे घेतला. ही हकिकत तिनेच पुढे अनेकदा सांगितली.

१९७७ पासून निशेलने 'नासा'साठी काम केले. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत, म्हणून ती गावोगाव फिरली. लहानपणी ती मालिका पाहणारी मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेली. तिथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत तिने एक छोटी भूमिकाही केली.

डॉ. किंग यांनी सही मागितली असती, तर यातले काय घडले असते?

पोस्टकार्डावरची सही

आता आपल्या मराठीतले उदाहरण. डॉ. जयंत नारळीकर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांना आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस नको होते. म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे ज. वि. ना.; ती उलटी केली की ना. वि. ज.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

व्याख्यान संपले की मुले वह्या घेऊन त्यांच्याभोवती गर्दी करत. त्यांचा एक नेम होता. ते म्हणत, मी वहीत सही देत नाही. मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन.

आम्ही पुण्यात शाळेत असताना त्यांच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. घरी येऊन पंधरा पैशांचे पोस्टकार्ड आणले आणि प्रश्न लिहिला : "कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडत नाही, तर ते तिथे आहे हे कळते कसे?" मग मनात आले, इतका साधा प्रश्न वाचून एवढा मोठा माणूस हसेल. ते कार्ड भूगोलाच्या पुस्तकात तसेच राहिले.

पुढे इंजिनिअर झालो, या देशात आलो. १० एप्रिल २०१९ रोजी एका कृष्णविवराच्या सावलीचे पहिले छायाचित्र जाहीर झाले आणि सगळ्या वर्तमानपत्रांत आमचाच प्रश्न छापून आला! उत्तरही सोपे होते : विवर स्वतः दिसत नाही, पण त्याच्याभोवती फिरणारा तप्त वायू दिसतो, आसपासच्या ताऱ्यांची वेडीवाकडी धाव दिसते. तेव्हाही पत्र लिहिता आले असते. आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिलो. २० मे २०२५ रोजी नारळीकर सर गेले.

कन्येने हे ऐकून विचारले, "बाबा, ते खरंच हसले असते का?"

"नाही गं. उत्तर पाठवलं असतं."

घरी पोचल्यावर तिने कपडेही बदलले नाहीत. गणवेशातच बसून कॅप्टनबाईंना पत्र लिहिले. उत्तर अजून आलेले नाही. पण ती रोज पत्रपेटी उघडून पाहते, आणि प्रश्न आता तिचा एकटीचा राहिलेला नाही, याचे तिला समाधान आहे.

मेळाव्याला जाताना

१. प्रश्न एका वाक्याचा असावा. तो घरीच कागदावर लिहावा. शब्द फुटला नाही तर कागद पुढे करावा.
२. त्यांच्या कामाबद्दल विचारावे, घरगुती गोष्टींबद्दल नको.
३. वेशभूषा केलेल्यांचा फोटो घेण्यापूर्वी परवानगी विचारावी.
४. पालकांनी मुलांच्या वतीने बोलू नये. (हे आम्ही स्वतःलाच बजावत आहोत!)

शब्दार्थ

चाहता : एखाद्याचे काम मनापासून आवडणारा
नवोदित : नुकतीच सुरुवात केलेला
टोपणनाव : लेखक खऱ्या नावाऐवजी वापरतो ते नाव
आद्याक्षर : नावाचे पहिले अक्षर
नेम : ठरवून पाळलेली गोष्ट
शब्द न फुटणे : भीतीने किंवा आनंदाने बोलता न येणे

स्वाध्याय

१. नारळीकरांनी टोपणनाव का घेतले? तुमची आद्याक्षरे उलटी करून स्वतःसाठी टोपणनाव तयार करा.
२. 'वळून पाहते तो' असा शब्दप्रयोग करून एक वाक्य लिहा.
३. घरी आई-बाबांना विचारा : तुमचा कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला? उत्तर पाच ओळींत मराठीत लिहा.
४. पुढच्या वर्गाला येताना एक कोरे पोस्टकार्ड आणा. ज्यांना विचारायचे त्यांचे नाव आणि आपला प्रश्न त्यावर लिहू. तिकिटे आम्ही आणू. कार्ड मात्र त्याच दिवशी पेटीत टाकायचे, पुस्तकात ठेवायचे नाही!