चित्रपत्राची मागील बाजू



एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेतील व अमेरिकेतील तंबाखूचे व्यापारी सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचे एक लहानसे पत्र घालीत असत. पाकीट चुरगळू नये एवढाच त्याचा मूळ उपयोग. पण त्यावर खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागताच मुले ती जमवू लागली. विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची अशी ५० चित्रपत्रे काढली. अमेरिकेतील बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे १९०९ च्या सुमाराचे चित्रपत्र २०२२ साली ७० लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. ते छापणे लवकरच थांबले, म्हणून ते दुर्मिळ. आपल्या चित्रापायी मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्यानेच हरकत घेतली, असे सांगतात.

अशा पत्राच्या पुढे चित्र असते व मागे खेळाडूची कारकीर्द. ही मागील बाजू वाचावी कशी, एवढाच आजच्या पाठाचा विषय. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. त्यांचे पत्र आपणच लिहू या: कसोटी सामने ३०, धावा २१९२, शतके ७, सरासरी ४७.६५.

सरासरी म्हणजे एकूण धावांस बाद झालेल्या वेळांनी भागून येणारी संख्या. हजारे ४६ वेळा बाद झाले. भागाकार करून पाहावा. हे आकडे खरे आहेत. परंतु त्या धावा कोणत्या घटकेस निघाल्या, हे ते सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्येक डावाशेजारी संघाची एकूण धावसंख्याही मांडावी लागते.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाविरुद्ध 'रेस्ट' संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या, म्हणजे शेकडा सुमारे ८०. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा केल्या. पण एक टोक धरून त्यांनी भावास साथ दिली व दोघांच्या भागीदारीत ३०० धावा जमल्या. सामना मात्र गेला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ११६ व १४५ अशी दोन शतके एकाच कसोटीत काढली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात संघाच्या धावा २७७. म्हणजे अर्ध्याहून अधिक भार एका खांद्यावर. तोही सामना गेला. १९५२ साली लीड्स येथे दुसऱ्या डावात चार गडी बाद झाले तेव्हा धावफलकावर शून्य होते. कर्णधार हजारे त्या वेळी खेळावयास उतरले व त्यांनी ५६ धावा केल्या.

एकट्याने लढणे एवढाच त्यांचा गुण होता, असे मात्र समजू नये. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळताना हजारे व लाहोरचे गुल महंमद यांनी मिळून ५७७ धावांची भागीदारी केली. देशाच्या फाळणीस तेव्हा पाचच महिने उरले होते. तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडास एक डाव व ८ धावांनी हरविले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय. कर्णधार हजारेच होते. परंतु त्या दिवसाचे नायक १२ गडी बाद करणारे विनू मंकड. कर्णधाराच्या स्वतःच्या धावा त्या सामन्यात थोड्याच झाल्या.

आता ताळा पाहा. हजाऱ्यांच्या काही उत्तम खेळी पराजयात झाल्या आणि त्यांचा सर्वांत मोठा विजय दुसऱ्यांच्या पराक्रमाने आला. मागील बाजूच्या आकड्यांत यांतले काहीच दिसत नाही. १९६० साली त्यांस पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास त्यांचे निधन झाले. एकदिवसीय सामन्यांचा विजय हजारे करंडक त्यांच्याच नावाचा आहे.

पालकांसही दोन शब्द. आमच्या हातून जे प्रगतिपुस्तक घरी येते, तेही एक प्रकारचे चित्रपत्रच होय. त्यातील गुण आम्ही जपून लिहितो व ते खरे असतात. पण घरी आजारपण असता मिळविलेले ४५ गुण आणि सर्व सोयी असता मिळविलेले ४५ गुण कागदावर सारखेच दिसतात. तेव्हा आकडा वाचून झाल्यावर तो कोणत्या घटकेस मिळविला, हे मुलास अवश्य विचारावे. आणि मुलांनी विवेक हजाऱ्यांच्या त्या २१ धावा विसरू नयेत. त्या नसत्या, तर ३०९ झाल्याच नसत्या.