काचेच्या पेटीपाशी उभे असलेले आईबाबा



बाळ जन्मले की आपण पेढे मागतो. पण काही घरांत आई रिकाम्या हातांनी परतते. बाळ इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत असते. ३७ आठवडे भरण्याआधी जन्म, कमी वजन, श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, अशी कारणे अनेक. बाळाची काळजी डॉक्टर घेतात. आईबाबांची कोणी घ्यायची?

१. दोष शोधू नका

“मी जास्त काम केले म्हणून का?” असे आई मनात घोकत असते. बाळ लवकर का आले, याचे नेमके कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. अशा वेळी “तू काय खाल्लं होतंस?” हा प्रश्न जखमेवर मीठ चोळतो. रडू येणे, चिडचिड होणे, बाळाला हात लावायची भीती वाटणे ही श्रद्धा कमी असल्याची लक्षणे नव्हेत. बिल आणि औषधांच्या धावपळीत बाबा गप्प असतात. त्यांचीही विचारपूस करा. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

२. आईबाबा पाहुणे नाहीत

“आम्ही नुसते बघत बसतो,” ही त्यांची सर्वांत मोठी खंत असते. पण त्यांचा स्पर्श हाही उपचारच आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू पद्धत’. पुढे भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यास केला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे छातीशी धरले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून डॉक्टरांना विचारा, “बाळाला छातीशी कधी घेता येईल?” बाबाही घेऊ शकतात. ते शक्य नसेल तर परवानगीने, हात स्वच्छ धुऊन, एक हात डोक्यावर व एक पायांशी स्थिर ठेवा. नाजूक बाळाला सतत कुरवाळणे सोसत नाही. हळू आवाजात बोला. तो आवाज बाळाच्या ओळखीचा असतो.

आईने काढून दिलेले थोडेसे दूधही मोलाचे असते. ते येत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. अशा बाळांसाठीच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन इस्पितळात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली.

३. प्रश्न वहीत लिहा

ऐन वेळी काही सुचत नाही, म्हणून प्रश्न लिहून न्यावेत. यंत्र वाजले की काळजात धस्स होते. पण पुष्कळदा वायर सैल झालेली असते. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे सिस्टरना विचारून घ्या. आज सुधारणा, उद्या थोडी घसरण, असे होतच असते.

४. स्नानसंस्कार

बाळाच्या जिवाला धोका असेल तर फादरांना लगेच कळवा. तेवढा वेळ नसेल तर योग्य हेतूने कोणीही, अगदी नर्सही, बाळावर पाणी ओतून त्र्येक परमेश्वराच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते. याचा अर्थ आशा सोडली असा नाही. उपचार चालूच राहतात.

५. आपण काय करावे?

पक्षाघाती माणसाला त्याच्या चौघा मित्रांनी छपरातून येशूपुढे उतरवले. त्याला चालता येत नव्हते, म्हणून त्यांनी खाट उचलली. आपणही एकेक कोपरा धरू या: एकाने डबा पोहोचवावा, दुसऱ्याने थोरल्या मुलाला शाळेत न्यावे, तिसऱ्याने गाडीची सोय करावी. चौथ्याने सर्वांना खबर द्यावी, म्हणजे आईबाबांना शंभर फोन घ्यावे लागणार नाहीत. “वजन किती?” असे रोज विचारू नका. “आम्ही आहोत,” एवढे पुरे.

घरी चर्चेसाठी: आपल्या वाडीत असे कुटुंब आहे का? या आठवड्यात त्यांच्या खाटेचा कोणता कोपरा आपण धरणार?